मे-जूनमधील लडाखची हवा: तारखेपेक्षा उंची आणि प्रहर पाहावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: २४ मे ते ४ जून या काळात घरातील सहा जण, त्यात ६८ वर्षांचे आपले वडील आणि आठ वर्षांची मुलगी, इंदूरहून दिल्लीमार्गे विमानाने लेहला जाणार आहात. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरे, मग पँगाँग तळे, मग हानले गाव आणि परत लेह असा बेत ठरला आहे. परंतु मोबाईलवरील एका हवामान ॲपवर आताच, म्हणजे एप्रिलच्या मध्यातच, २९ आणि ३० मे या दोन दिवशी पँगाँगला पावसाची शक्यता ४० टक्के दिसत आहे. तेव्हा सहल जूनअखेरीस ढकलावी काय, आणि त्या दिवसांत तेथे हवा नेमकी कशी असते, असे आपण विचारले आहे.

सहल ढकलण्याचे काही कारण मला दिसत नाही. मात्र मुक्कामांचा क्रम बदलावा, लेहमधील पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे ठेवावेत आणि एक दिवस मोकळा राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हवामान निरीक्षणाच्या नोकरीतील माझी ३१ वर्षे निरनिराळ्या ठिकाणी गेली. त्यांपैकी ४ उन्हाळे लडाखमध्ये होते, आणि निवृत्तीनंतर मी इंदुरातच स्थायिक झालो आहे. त्यामुळे येथील उन्हाळ्याला सरावलेल्या माणसाची तेथे कोठे फसगत होते, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रथम त्या ४० टक्क्यांविषयी. आजच्या उत्तमातील उत्तम संगणकीय प्रारूपांनाही एखाद्या ठिकाणचे एखाद्या तारखेचे हवामान साधारण आठ-दहा दिवसांपलीकडे भरवशाने सांगता येत नाही. वातावरणाच्या आजच्या स्थितीचे मोजमाप करताना राहिलेल्या बारीक चुका दिवसागणिक वाढत जातात आणि दोन आठवड्यांत त्या मूळ अंदाजाला गिळून टाकतात. ही अडचण वातावरणाच्या स्वभावातच आहे, केवळ यंत्रांच्या कमतरतेची नाही. मग ४५ दिवसांनंतरच्या तारखेसमोर ॲप जो आकडा छापते तो येतो कोठून? बहुतेक वेळा तो मागील अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेला असतो, म्हणजे त्या सुमारास पूर्वी किती वेळा पावसाची नोंद झाली याचे ते गणित असते. त्यात २९ मे या दिवसाविषयी काहीही माहिती नसते. आपण तो आकडा आठवडाभराने पुन्हा पाहिलात तर तो बदललेला दिसेल, आणि तो बदलही तितकाच निरर्थक असेल.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध करतो आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याचा दृष्टिक्षेप देतो. त्यांत तारीख नसते. अमुक भागात पाऊस किंवा तापमान सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतके किंवा कमी राहण्याची संभाव्यता किती, एवढेच त्यांत सांगितलेले असते आणि तेवढेच सांगणे प्रामाणिक आहे. परंतु हा अंदाज लडाखसाठी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लेहला वर्षभरात मिळून सुमारे १०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो. आपल्या इंदूरला ९०० ते १,००० मिलिमीटर. जून महिन्यात तर लेहची सरासरी जेमतेम चार-पाच मिलिमीटरची आहे. "जूनमध्ये सरासरीपेक्षा ५० टक्के अधिक पाऊस" असे वृत्तपत्रात वाचून आपल्या डोळ्यांसमोर राजवाड्यासमोरचे तुंबलेले रस्ते येतील. प्रत्यक्षात त्याचा अर्थ महिनाभरात दोन-अडीच मिलिमीटर जास्त, म्हणजे अंगणातील धूळ एखाद्या वेळी जास्त बसली, इतकाच असतो. वाळवंटात टक्केवारी फार मोठी दिसते, कारण तिच्याखालचा आकडा फार लहान असतो. त्यामुळे लडाखचा दृष्टिक्षेप वाचताना पावसाच्या टक्क्यांकडे मी जवळजवळ पाहतच नाही. तापमान सरासरीच्या वर की खाली, आणि पश्चिमी विक्षोभांची, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या ढग-पावसाच्या प्रणालींची, ये-जा किती, या दोनच गोष्टी पाहतो.

हे विक्षोभ समजून घेतल्याशिवाय मे महिन्यातील लडाख समजत नाही. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावरच बहुतेक ओलावा सांडून मोकळे होतात. पलीकडे, झांस्कर आणि लडाखच्या रांगांमागे, पोहोचते ती पिळून काढलेली कोरडी हवा. म्हणूनच तो प्रदेश पर्जन्यछायेतील शीत वाळवंट झाला. तेथील पाऊस आणि हिमवर्षाव यांचा मोठा भाग आणतात ते भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान या वाटेने पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ. उंचावरच्या ज्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांच्या झोतावर स्वार होऊन ते येतात, तो झोत हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला असतो आणि उन्हाळा चढत जातो तसा उत्तरेकडे सरकतो. जूनच्या मध्यापर्यंत तो बहुधा तिबेटच्या पठारापलीकडे गेलेला असतो. आपला प्रवास नेमका या संक्रमणाच्या काळात आहे. मे अखेरीस एखाददुसरा विक्षोभ येणे अगदी स्वाभाविक आहे, मात्र तो हिवाळ्यातल्यासारखा चार-चार दिवस ठाण मांडत नाही. दीड-दोन दिवस ढग, खिंडींत बर्फ, दरीत चार थेंब, आणि मागोमाग धुतल्यासारखे निळे आकाश. २०२३ च्या मे महिन्यात असे विक्षोभ एकामागून एक आले आणि सबंध उत्तर भारताचा उन्हाळाच लांबला, हे आपल्यालाही आठवत असेल. प्रत्येक मे तसा नसतो. परंतु तसा मे येऊ शकतो, हे धरून चालावे.

आता तापमान. हवा उंचावर थंड का, याचे शालेय उत्तर आपल्याला ठाऊक आहेच. त्याचा आकडा मात्र हाताशी असावा. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. म्हणजे जवळजवळ ३,००० मीटरचा फरक आणि त्यापोटी १९-२० अंश. आपल्या नवतपाच्या, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, २५ मेच्या पुढे, इंदुरात पारा ४० ते ४२ अंशांच्या घरात असतो. त्यातून हे २० वजा करा, लेह आपल्यापेक्षा साडेअकरा अक्षांश उत्तरेला असल्याबद्दल आणखी थोडे वजा करा, म्हणजे आपण मे अखेरच्या लेहला पोहोचता. दिवसाचे कमाल १६ ते २० अंश, पहाटेचे किमान ३ ते ६ अंश. मोकळ्या आकाशाचे पाच-सहा दिवस लागोपाठ मिळाले तर पारा २४-२५ वर जातो; विक्षोभाच्या दिवशी भर दुपारीही १० च्या पुढे सरकत नाही. एकाच आठवड्यात हे दोन्ही अनुभवास येऊ शकते.

परंतु लेहचा आकडा लेहपुरताच असतो, आणि येथेच ॲप सर्वांत जास्त दिशाभूल करते. खारदुंग ला ही खिंड लेहपासून रस्त्याने ४० किलोमीटरच्या आसपास आहे, पण पक्ष्याच्या वाटेने मोजले तर अंतर केवळ १३-१४ किलोमीटर भरते. एवढ्याशा अंतरात जमीन साडेअठराशे मीटर वर चढते, कारण खिंडीची उंची ५,३५० मीटरहून अधिक आहे. म्हणजे ज्या क्षणी लेहच्या बाजारात १५ अंश आहेत, त्याच क्षणी खिंडीत ३ अंश असणार, आणि लेहला ८ अंशांत पाऊस असेल तर खिंडीत बर्फ पडणार. जगभराचे हवामान मांडणारी अनेक प्रारूपे जमिनीचे सुमारे १२ किलोमीटरचे चौकोन करून प्रत्येक चौकोनाला एकच उंची देतात. भारताने २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटरचे चौकोन असलेली प्रणाली वापरात आणली, ही फार मोठी सुधारणा आहे. तरीही लडाखमध्ये ६ किलोमीटरच्या आत दरी, उतार आणि शिखर असे सर्व काही मावते. ॲप दाखवते ते तापमान त्या कल्पित सरासरी उंचीचे असते, तेथे आपले हॉटेलही नसते आणि खिंडही नसते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की, लेहचे तापमान हवामान केंद्राच्या पत्रकातून घ्यावे आणि पुढचे गणित उंचीवरून स्वतः करावे.

ते गणित आपल्या मुक्कामांसाठी मी करून देतो. नुब्रातील दिस्कित सुमारे ३,१५० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहे. तेथे दोन-तीन अंश जास्त, दुपारी २० च्या आसपास, आणि हुंडरच्या वाळूच्या टेकड्यांवर दुपारी वारा सुटला की वाळू उडते. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर. मे अखेरीस तळ्यावरील बर्फ वितळलेले असते, दुपारी १० ते १३ अंश, रात्री शून्याच्या आसपास किंवा किंचित खाली, आणि पाण्यावरून येणारा वारा बोचरा. हानले ४,३०० ते ४,५०० मीटरवर. जूनच्या पहिल्या आठवड्यातही पहाट शून्याखाली दोन-चार अंश असते. ५ अंशांच्या हवेत ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ती हवा शून्य अंशाइतकी जाणवते. पँगाँगच्या काठावर असा वारा ही नेहमीची गोष्ट आहे. हानलेच्या पुढे उमलिंग ला या ५,८०० मीटरच्या खिंडीपर्यंत नेण्याचा आग्रह गाडीवाले करतात. वडील आणि लहान मुलगी बरोबर असताना तेथे जाऊ नये.

उंचीनंतर प्रहर. लडाखचा मे-जूनमधील दिवस घड्याळासारखा चालतो, आणि हे घड्याळ एकदा वाचता आले की निम्म्या अडचणी टळतात. पहाटे दरी शांत असते. थंड, जड हवा तळाशी साचलेली असते. आठ-नऊ वाजता ऊन उतारांवर पडू लागते, खडक आणि माती झपाट्याने तापतात, तेथील हवा वर उठते आणि तिची जागा भरण्यासाठी सिंधूच्या खोऱ्यातून वर चढणारा वारा सुटतो. आमच्या निरीक्षण आवारापलीकडे सफेद्याच्या झाडांची एक रांग होती. साडेबारा-एकच्या सुमारास त्या झाडांची पाने एकदम उलटी होऊन पांढुरकी दिसू लागत; वातमापकाच्या कटोऱ्या वेग घेण्याच्या आधी मला वारा तेथे दिसत असे. तीन ते पाच या वेळात तो सर्वांत जोरदार असतो, धूळ उठते, डोंगरमाथ्यांवर कापसासारखे ढग वाढतात, कधी त्यांच्याखाली पावसाच्या राखाडी झालरी लोंबताना दिसतात, पण त्यांतील बहुतेक थेंब जमिनीला लागण्याआधीच कोरड्या हवेत विरून जातात. सूर्य मावळला की तासा-दीड तासात सगळे पुन्हा शांत होते. प्रवासी विमाने बहुतांशी सकाळीच ये-जा करतात, त्यामागे हा दुपारचा वारा हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण, तापलेली विरळ हवा पंखांना पुरेसा आधार देत नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस लेहचे तापमान ३० च्या वर गेले तेव्हा अनेक विमाने रद्द करावी लागली होती. मे अखेरीस उष्णतेचे ते संकट नसते. परंतु ढगाळ सकाळ असेल तर विमान रद्द होऊ शकते, आणि मग दुपारी ते निघेल अशी आशा धरता येत नाही. परतीचे तिकीट ४ जूनचे असल्यास ५ जूनला इंदुरात कोणतेही अत्यावश्यक काम ठेवू नये.

हवेच्या कोरडेपणाविषयी एक अनुभव सांगतो. आर्द्रता मोजण्यासाठी आम्ही दोन तापमापक शेजारी ठेवतो; एक साधा आणि दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याभोवती मलमलीचे ओले फडके. पाणी जितके वेगाने उडेल तितका दुसरा तापमापक खाली जातो. लेहला गेलो त्या पहिल्या मे महिन्यात दुपारच्या निरीक्षणाला मी पेटी उघडली तेव्हा कोरडा तापमापक १६ दाखवत होता आणि ओला ५. मैदानी भागातील सवयीने मी मनातल्या मनात आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास धरली. वरिष्ठांनी उंचीवरील वायुदाबाचा तक्ता पुढे केला तेव्हा ती २२ टक्के निघाली. तेथे हवेचा दाब ६५० हेक्टापास्कलच्या घरात असल्यामुळे तेच फडके अधिक वेगाने वाळते. फडके ओले ठेवणारी वाटीही दर काही तासांनी भरावी लागे. आपल्या ओठांचे, नाकाच्या आतल्या त्वचेचे आणि घशाचेही तेच होते. घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे पाणी गेल्याचे कळत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, तहान नसतानाही, पाणी प्यावे आणि मुलीला आठवणीने पाजावे.

कोरड्या हवेचा दुसरा परिणाम आपल्या ओळखीचा आहे. माळव्याच्या रात्रींचा, शबे-मालवाचा, थंडावा प्रसिद्ध आहे. दिवसभर तापलेली गच्ची रात्री अकराला पाय ठेवण्याजोगी होते, कारण जमिनीने सोडलेली उष्णता अडवून धरायला हवेत बाष्प कमी असते. वडोदऱ्याला किंवा मुंबईला तशी रात्र मिळत नाही. लडाखमध्ये हीच क्रिया अनेक पटींनी तीव्र होते: बाष्प नाममात्र, धूळ-धूर कमी, डोक्यावरील हवेचा थरच एक तृतीयांशाने पातळ. म्हणून सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात स्वेटर शोधावा लागतो. हानलेला २ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली गेली ती याच स्वच्छ, कोरड्या आकाशासाठी. ती चालवणारे बंगळुरूजवळच्या होसकोटेहून काम करतात, पण आकाश मात्र हानलेचेच लागते.

उन्हाविषयी इंदूरचा माणूस बेफिकीर असतो, "आम्हाला ४२ ची सवय आहे" असे म्हणतो. कर्कवृत्त आपल्या उज्जैनजवळून जाते आणि जूनमध्ये सूर्य आपल्या माथ्यावर येतो हे खरे. पण लेहलाही जूनच्या दुपारी तो क्षितिजापासून ७९ अंशांवर, म्हणजे जवळजवळ माथ्यावरच असतो. दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजे बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण परत उलटवते. हवा १५ अंशांची असल्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी नाकाचा शेंडा व गाल सोलवटलेले असतात. खिंडीत बर्फ असेल तर मुलीच्या डोळ्यांवर चांगल्या प्रतीचा गडद चष्मा असलाच पाहिजे. हिमांधत्व काही तासांत येते आणि फार वेदना देते.

विक्षोभ येत असल्याच्या खुणा प्रवाशालाही वाचता येतात. उपग्रहाच्या छायाचित्रात आज इराण-अफगाणिस्तानवर ढगांचा पट्टा दिसला तर तो साधारण दोन-तीन दिवसांत लडाखला पोहोचेल असे धरावे. नंतर पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग येतात, सूर्याला खळे पडते, म्हणजे त्याभोवती प्रकाशाचे कडे दिसते, रात्र नेहमीपेक्षा ऊबदार जाते कारण ढगांचे पांघरूण असते, आणि दुपारचा नियमित वारा एक तर सुटत नाही किंवा भलत्या दिशेने येतो. यांतील तीन खुणा एका दिवसात दिसल्या तर दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडण्याचा बेत रद्द करावा. हे मी स्वतः केले नाही त्या दिवसाची खंत मला आजही आहे. एका वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझे मेहुणे आणि त्यांचा परिवार वडोदऱ्याहून आला होता. आदल्या दिवशी सूर्याचे खळे मी स्वतः नोंदवहीत लिहिले होते. तरीही त्यांचे दिवस मोजके म्हणून दुसऱ्या दिवशी पँगाँगसाठी निघालो, आणि तेही न्याहारी वगैरे आटोपून साडेदहाला. लेहला तेव्हा ११ अंश होते, पाऊस नव्हता. चांग ला या ५,३५० मीटरहून उंच खिंडीत दीडच्या सुमारास पोहोचलो तेव्हा पुढच्या गाड्यांची चाके घसरत होती आणि समोरची काच दर मिनिटाला पांढरी होत होती. आम्ही गाडीतच पाच तास अडकून पडलो. भाचा सहा वर्षांचा होता. तो ओकू लागला आणि मग गप्प झाला, आणि ते गप्प होणे मला ओकण्यापेक्षा भयंकर वाटले. लष्कराच्या जवानांनी रस्ता मोकळा करून आम्हाला खाली उतरवले. लेहला परतल्यावर दोन दिवसांत मूल बरे झाले. पण आम्ही सहाला निघालो असतो तर बर्फ सुरू होण्याआधीच खिंड ओलांडून गेलो असतो, आणि खळ्याचा मान राखला असता तर निघालोच नसतो.

या काळातील आणखी एक धोका पावसाशी संबंधित नाही, तो उन्हाशी आहे. वर साठलेले बर्फ दिवसा वितळते आणि ते पाणी दुपारी-संध्याकाळी रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांत उतरते. पँगाँगच्या वाटेवर ज्याला लोक पागल नालाच म्हणतात, तो सकाळी घोट्याएवढा असतो आणि चारनंतर गाडीच्या दारापर्यंत चढू शकतो. आकाश निरभ्र, ऊन कडक, ॲपवर पावसाची शक्यता शून्य, असा दिवस नाल्यासाठी सर्वांत वाईट. नुब्राहून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँगला जाणारा रस्ता याच कारणाने सकाळी लवकर पार करावा.

तेथील शेतकरी मे महिन्यात पावसाची चौकशी करत नाहीत, हे प्रथम मला नवल वाटले होते. सातूची पेरणी झालेली असते, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो: यंदा वर बर्फ किती पडले आणि पाणी केव्हा उतरणार? गावागावांत पाण्याच्या पाळ्या ठरवणारा छुरपोन असतो. त्याच्या दृष्टीने ऊन म्हणजे पाणी आणि ढगाळ आठवडा म्हणजे कोरडा पाट. हिवाळ्यातील पाणी गोठवून ठेवून नेमके या टंचाईच्या आठवड्यांत ते मिळावे, यासाठी चेवांग नोर्फेल यांनी कृत्रिम हिमनद्या केल्या आणि पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारले. लेहजवळच्या फ्यांग गावाकडे गेलात तर मे महिन्यात अशा स्तूपाचा उरलासुरला, मातकट झालेला भाग कधीकधी दिसतो; मुलीला अवश्य दाखवावा. मातीच्या धाब्याच्या घरांनाही सलग पाऊस सोसत नाही. त्यामुळे आपण ज्याला "चांगली हवा" म्हणतो आणि ते ज्याला चांगली हवा म्हणतात, ती मे महिन्यात एकच असते, कारणे मात्र वेगळी.

वडिलांविषयी हवामानाच्या अंगाने एवढेच सांगतो. इंदूरला हवेचा दाब सुमारे ९५० हेक्टापास्कल, लेहला ६५०, खारदुंग लावर ५२० च्या आसपास. त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासातला प्राणवायू घटतो. तेथे पाणी ८८ अंशांनाच उकळते आणि कुकरशिवाय वरण शिजत नाही, यावरून फरक किती आहे हे स्वयंपाकघरातही कळेल. विमानाने जाणारा माणूस हा सर्व बदल एका सकाळीत अंगावर घेतो. म्हणून पहिले ४८ तास लेहलाच, जिने-चढणे टाळून काढावेत; आपल्या बेतात दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला आहे, तो बेत मोडावाच लागेल. हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधांचा आणि उंचीवरील गोळ्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आताच घ्यावा, लेहला पोहोचल्यावर नव्हे.

जूनअखेरीस जाण्यात वाईट काही नाही. रात्री अधिक ऊबदार असतात, खिंडींतील बर्फ कमी झालेले असते. पण तेव्हा नाल्यांना पाणी जास्त असते, आणि जुलै जवळ आला की मोसमी हवेचा एखादा लोट हिमालय ओलांडून येण्याची शक्यता वाढते. २०१० साली ५ ऑगस्टच्या रात्री लेहवर ढगफुटी होऊन चोगलमसर आणि आसपासच्या वस्त्यांत दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या चोवीस तासांत लेहच्या वेधशाळेतील पर्जन्यमापकात मात्र केवळ १२.८ मिलिमीटर पाणी जमले होते. काही किलोमीटरवर काय कोसळत होते ते त्या भांड्याला कळलेच नाही. मे अखेरीस असे होण्याजोगा ओलावा हवेत बहुधा नसतो, आणि वडील-मुलीला घेऊन जाताना मला हे फार महत्त्वाचे वाटते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. २४ ला लेह, २५ आणि २६ विश्रांती. फार तर २६ ला संध्याकाळी शांती स्तूपापर्यंत गाडीने. २७ ला सकाळी सहाला निघून खारदुंग ला, नुब्रात दोन रात्री. ती उंची लेहपेक्षा कमी असल्यामुळे शरीराला बरे पडते. २९ ला पहाटे निघून श्योकमार्गे पँगाँग, एकच रात्र. ३० ला चांग लामार्गे लेहला परत. ३१ मोकळा, विक्षोभ आला तर हा दिवस मागे-पुढे सरकवता येईल. हानले शेवटी, १ आणि २ जूनला, तेही वडिलांचा श्वास आणि झोप ठीक असेल तरच. नसेल तर त्यांनी लेहलाच थांबावे आणि कोणीतरी सोबत राहावे. ३ ला लेह, ४ ला विमान.

त्या ॲपवरील मेअखेरचा आकडा आता पाहणे सोडावे. १४ आणि २१ मेच्या सुमारास येणारे गुरुवारचे विस्तारित अंदाज पाहावेत, त्यांतून फक्त विक्षोभांचा जोर कळेल. २२ पासून लेहच्या हवामान केंद्राचे रोजचे पत्रक पाहावे. २०२० च्या अखेरीस सुरू झालेल्या या केंद्रामुळे तेथील अंदाज पूर्वीपेक्षा खूपच सुधारले आहेत. प्रत्येक खिंडीच्या आदल्या संध्याकाळी रस्ता सुरू असल्याची खात्री पोलिसांकडून किंवा सीमा रस्ते संघटनेच्या सूचनांतून करावी, आणि त्या दिवशी दुपारी आकाशाकडे पाहून खळे पडले होते काय, हे मुलीला विचारावे. लहान मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही.